जुनी हवाना: तटबंदीच्या आतली पेठ आणि तिथे राहत आलेली माणसे

दर्यावर्दी

क्युबाच्या राजधानीतल्या जुन्या हवानाचे नाव निघाले की रंग उडालेले सज्जे, पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन मोटारी आणि चिरूट एवढेच डोळ्यांसमोर येते. त्या सज्ज्यांवर कपडे वाळत घालणारी माणसे कोण आहेत, त्यांचे पूर्वज तिथे केव्हा आले, आणि एका श्रीमंत कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्यात पुढे वीस-तीस बिऱ्हाडे कशी राहू लागली, हे मात्र क्वचितच विचारले जाते. गेली काही वर्षे मी या एकाच पेठेविषयी जमेल तेवढे वाचत आलो आहे. तिचा इतिहास किल्ल्यांपेक्षा तिच्या खोल्यांमधून अधिक नीट कळतो, असे माझे मत झाले आहे. म्हणून या धाग्यात लढायांपेक्षा वस्तीविषयी अधिक लिहितो.

सुरुवात बंदरापासूनच करावी लागते. हवानाचा उपसागर बाटलीसारखा आहे. समुद्राकडून आत येण्याची वाट अरुंद, आणि आत मात्र मोठा आरमारी ताफा निर्धास्त नांगर टाकून राहील एवढे शांत पाणी. १५०८ मध्ये सेबास्तियान दे ओकाम्पो याने क्युबाला वळसा घालताना आपल्या जहाजांच्या तळांची डागडुजी इथे केली, म्हणून स्पॅनिशांनी या जागेला प्रथम डागडुजीचे बंदर अशा अर्थाचे नाव दिले. सान क्रिस्तोबाल दे ला हबाना ही वस्ती मात्र आधी बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर वसवली गेली होती. ती जागा मानवली नाही, म्हणून ती उत्तरेकडे हलली आणि १५१९ मध्ये या बंदराच्या पश्चिम काठावर स्थिरावली. १६ नोव्हेंबर हा स्थापनेचा दिवस मानतात. पहिली प्रार्थना आणि पहिली नगरसभा एका सेइबा वृक्षाखाली, म्हणजे आपण ज्याला पांढरी सावर म्हणतो त्याच झाडाखाली, झाली अशी परंपरा आहे. त्या जागी १८२८ मध्ये एल तेम्प्लेते ही देवळासारखी छोटी इमारत उभारली गेली. आजही स्थापनादिनाच्या आदल्या रात्री लोक रांग लावून त्या झाडाला तीन फेऱ्या घालतात, बुंध्याशी नाणे टाकतात आणि मनातली इच्छा बोलून न दाखवता परत जातात. मूळ झाड केव्हाच गेले. त्या जागी पुनःपुन्हा नवे लावले जाते, अगदी अलीकडे २०१६ मध्येही लावले गेले.

१५५५ मध्ये जाक द सोर या फ्रेंच चाच्याने हे गाव लुटून जाळले. त्यानंतर १५५८ मध्ये रेआल फुएर्सा हा किल्ला बांधायला घेतला गेला आणि १५८९ पासून बंदराच्या तोंडाशी एल मोरो व ला पुंता हे किल्ले उभे राहू लागले. एवढा खर्च या लहानशा गावावर झाला, याचे कारण चांदी होते. मेक्सिकोतल्या वेराक्रूसहून आणि दक्षिणेकडच्या बंदरांतून निघालेली जहाजे हवानात एकत्र येत आणि मोठा तांडा करून, लढाऊ जहाजांच्या सोबतीने स्पेनकडे निघत. तांडा पूर्ण होईपर्यंत खलाशी, सैनिक, व्यापारी आणि प्रवासी आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने गावात अडकून पडत. गावाची सारी रचना या थांबून राहिलेल्या माणसांभोवती झाली. त्यांना झोपायला जागा हवी, प्रवासासाठी वाळवलेले मांस आणि कसाव्याची भाकरी हवी, कपडे धुऊन हवेत, दारू हवी. खानावळी आणि मुक्कामाच्या खोल्या चालवणाऱ्यांत दास्यातून मोकळ्या झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण हवानाची पहिली खरी शहरी अर्थव्यवस्था या स्त्रियांच्या चुलीवर उभी होती.

१५९२ मध्ये दुसऱ्या फेलिपे राजाने हवानाला शहराचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी आल्मेन्दारेस नदीचे पाणी सुमारे अकरा किलोमीटर लांबून आणणारा पाट, रेआल सान्हा, गावात पोहोचला. आजच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकातून फुटणाऱ्या एका बोळाच्या भिंतीवर त्या पाण्याची स्मृती सांगणारा दगड आहे. तो चौक तेव्हा दलदलीचा होता आणि त्याचे नावही दलदलीचा चौक असेच होते.

आता घरांकडे येतो. सतराव्या आणि अठराव्या शतकांतल्या श्रीमंतांच्या घराची मांडणी ठरलेली होती. रस्त्यावर मोठा दरवाजा, आत घोडागाडी शिरेल एवढी देवडी, मग चौक आणि चौकाभोवती खांबांच्या ओसऱ्या. तळमजल्यावर साखर, तंबाखू, कातडी यांची कोठारे, त्यावर बुटक्या छताचा मधला मजला, जिथे कचेरी असे किंवा घरातले गुलाम झोपत, आणि वरच्या, उंच छताच्या, हवेशीर मजल्यावर मालकाचे कुटुंब. मालक आणि गुलाम, माल आणि माणसे एकाच छपराखाली एकावर एक राहत होती. पुढे या घरांच्या खोल्या सुट्या भाड्याने देणे इतके सोपे का गेले, याचे उत्तर याच मांडणीत आहे. प्रत्येक खोलीचे दार ओसरीवर उघडत होते.

१६७४ मध्ये शहराभोवती तट बांधायला घेतला गेला. तो मुख्यतः १७४० पर्यंत पूर्ण झाला आणि १८६३ मध्ये पाडायला सुरुवात झाली. तटाच्या आत जागा संपत गेली तसे श्रीमंत लोक तटाबाहेर, आधी सेर्रोकडे, नंतर बेदादोकडे बागबगीच्यांच्या घरांत राहायला गेले आणि जुने वाडे भाड्याला लागले. अशा वाड्याला सिउदादेला किंवा बोली भाषेत सोलार म्हणतात. एका खोलीत एक कुटुंब, चौकात सगळ्यांचा मिळून एक नळ, मागे सामाईक संडास. १८९९ च्या जनगणनेत संपूर्ण हवाना शहराची लोकसंख्या २,३५,९८१ भरली, आणि तोवर तटाच्या आतल्या पेठेतले कष्टकरी मोठ्या प्रमाणावर अशा खोल्यांतच राहत होते.

आपल्यापैकी कोणी तिथे जाऊन आले असेल, किंवा आकडेवारी पाहिली असेल, तर जरूर लिहावे.

पिंपळपान

लेख अतिशय आवडला. दोन प्रश्न आहेत. क्युबातली गुलामगिरी म्हटले की उसाचे मळे आठवतात. शहरातल्या गुलामांचे आयुष्य त्याहून वेगळे होते का, आणि शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण किती होते? दुसरे म्हणजे, दास्यातून मोकळ्या झालेल्या स्त्रिया सोळाव्या शतकातच खानावळी चालवत होत्या असे आपण म्हणता, तर त्या मोकळ्या कशा झाल्या?

दर्यावर्दी

पिंपळपान ताई, दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच लिहितो.

जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट १८०० च्या अखेरीस आणि पुन्हा १८०४ मध्ये हवानात राहून गेला. त्याने क्युबावरच्या आपल्या ग्रंथात १८१० च्या गणनेचे जे आकडे दिले आहेत, ते उपनगरांसह हवानाचे आहेत. गोरे ४१,२२७. स्वतंत्र मिश्रवर्णीय ९,७४३ आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय १६,६०६. गुलाम २८,७२८. एकूण ९६,३०४. म्हणजे शंभरातली सत्तावन्न माणसे आफ्रिकी वंशाची होती, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी स्वतंत्र होती. मळ्यांच्या क्युबाची कल्पना मनात धरून हे आकडे पाहिले तर आश्चर्य वाटते.

शहरातल्या पुष्कळ गुलामांना मालक रोजंदारीवर बाहेर कामाला पाठवत. गोदीतला हमाल, गवंडी, चांभार, शिंपी, धोबीण, फेरीवाली अशी कामे करून त्यांनी ठरलेली रक्कम मालकाला द्यायची आणि वर उरेल ते आपल्याकडे ठेवायचे. या उरलेल्या पैशाला स्पॅनिश वहिवाटीत एक मोठा अर्थ होता. गुलामाची किंमत एकदा ठरवून घेतली की तो ती हप्त्याहप्त्याने फेडू शकत असे, आणि पहिला हप्ता भरल्यानंतर मालकाला ती किंमत वाढवता येत नसे. या पद्धतीला कोआर्तासिओन म्हणत. फेडायला कित्येक वर्षे लागत, पुष्कळांचे आयुष्यच त्यात संपे. तरीही बाजारात रोख पैसा मिळवणाऱ्या शहरी स्त्रियांना ही वाट मळ्यावरच्या पुरुषापेक्षा अधिक मोकळी होती. आई मोकळी झाली की तिची पुढची मुले जन्मतः स्वतंत्र, म्हणून स्वतंत्र वस्ती वाढत गेली. शिंपी, सुतार, वादक, सुईणी या व्यवसायांत अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र कृष्णवर्णीयच आघाडीवर होते. त्यांची स्वतःची लष्करी पथकेही होती आणि १७६२ मध्ये इंग्रजांनी हवानाला वेढा घातला तेव्हा ती पथके लढली.

याच लोकांच्या काबिल्दो नावाच्या संस्था होत्या. आफ्रिकेतल्या एकाच प्रदेशातून आणलेल्या लोकांचे ते मंडळ असे. आजाऱ्याची काळजी, मृताचा अंत्यविधी, सभासदाला मोकळे करण्यासाठी वर्गणी, आणि सणाला ढोल. शहराच्या कारभाऱ्यांना हे ढोल नको होते, म्हणून १७९२ च्या फर्मानाने काबिल्दोंना तटाबाहेर जागा घ्यायला लावली. तरी वर्षातून एक दिवस, ६ जानेवारीला, सगळे काबिल्दो वाजतगाजत तटाच्या आत येत आणि गव्हर्नर जनरलच्या वाड्यासमोर नाचून बक्षिसी घेत. ही मिरवणूक १८८४ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, क्युबातली गुलामगिरी संपली.

आकडे थंड असतात हे मला मान्य आहे. पण २८,७२८ मधला प्रत्येक जण रोज संध्याकाळी याच अरुंद रस्त्यांनी मालकाकडे पैसे मोजून द्यायला जात असेल, किंवा कुणाच्या तरी मधल्या मजल्यावर वाकून झोपायला जात असेल, असा विचार केला की ती घरे वेगळी दिसू लागतात.

नकाशेवाचक

लोकसंख्येची चर्चा निघाली आहे म्हणून एक खुलासा आवश्यक वाटतो. जुनी हवाना या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या सीमा वापरल्या जातात आणि त्यामुळे आकड्यांची गल्लत होते. पहिली सीमा तटाच्या आतल्या मूळ शहराची. दुसरी जतनासाठी आखलेल्या ऐतिहासिक केंद्राची. तिचे क्षेत्रफळ सुमारे २.१४ चौरस किलोमीटर आहे आणि तीत तटाच्या जागी नंतर झालेली वस्तीही येते. तिसरी जुनी हवाना या नगरपालिकेची, जी याहून दुपटीने मोठी आहे आणि जीत हेसुस मारियासारखी एके काळची तटाबाहेरची गरीब उपनगरेही आहेत. १९९५ मध्ये ऐतिहासिक केंद्राची घरोघर जाऊन गणना झाली तेव्हा तिथे सुमारे ७०,००० माणसे होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये तीस हजारांहून अधिक, आणि तीही बहुतेक दोन-तीन मजली घरांत. २००१ पर्यंत हा आकडा तीन-चार हजारांनी खाली आला होता.

रस्त्यांच्या नावांतही वस्तीचा इतिहास आहे. ओफिसिओस म्हणजे धंद्यांचा रस्ता, मेर्कादेरेस म्हणजे व्यापाऱ्यांचा, एम्पेद्रादो म्हणजे फरसबंदीचा, इन्किसिदोर म्हणजे धर्मन्यायाधीशाचा. आमार्गुरा म्हणजे कडवटपणा. या रस्त्याने उपवासाच्या काळात शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची मिरवणूक जात असे, म्हणून ते नाव. लाम्पारिया रस्त्यावर कोणी भाविकाने दिवा तेवत ठेवला होता, तर आग्वाकाते रस्त्याला एका अवोकाडोच्या झाडाचे नाव आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर जुन्या तोफा तोंड खाली करून जमिनीत पुरलेल्या दिसतात. घोडागाड्यांची चाके घरांच्या कोपऱ्यांना घासू नयेत म्हणून ती सोय होती.

भटकी

मी २०१८ च्या फेब्रुवारीत चार दिवस जुन्या हवानात, सान इसिद्रो भागातल्या एका घरी भाड्याच्या खोलीत राहिले होते. माझे स्पॅनिश कामापुरतेच आहे, पण घरमालकीण बाई बोलक्या होत्या. त्यांनी शेजारच्या सोलारमध्ये आपल्या बहिणीकडे मला नेले, ते इथे लिहावेसे वाटते.

दारातून आत गेल्यावर आधी वीज मीटरांची भिंत लागते. मी मोजले, सतरा मीटर होते, आणि प्रत्येकाची तार वेगळ्या दिशेने गेलेली. मग चौक. मध्ये पाण्याच्या निळ्या टाक्या आणि पिंपे, कारण नळाला पाणी दिवसाआड आणि तेही थोडा वेळ येते. या बहिणीची, म्हणजे ताईंची, खोली साधारण चार मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असेल, पण छत इतके उंच की मान मागे टाकावी लागे. त्या उंचीच्या मध्यावर लाकडी फळ्यांचा माळा घातलेला होता आणि एका बाजूने शिडीसारखा जिना. खाली स्वयंपाक, टेबल, दूरचित्रवाणी आणि नातवाचा पलंग. वर ताई, त्यांची मुलगी आणि जावई. या माळ्याला तिथे बार्बाकोआ म्हणतात. वर चढल्यावर मला ताठ उभे राहता आले नाही. जुन्या उंच खिडकीचा वरचा अर्धा भाग, रंगीत काचांच्या अर्धवर्तुळासह, माळ्यावर आलेला होता आणि दुपारी त्या काचांचा निळा-तांबडा उजेड थेट त्यांच्या चादरीवर पडत होता. ताई म्हणाल्या की मुलगी याच माळ्यावर जन्मली आणि तिचा मुलगाही इथूनच शाळेत जातो.

निघताना पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. खालच्या पाववाल्याने तीत पाव ठेवले, आजींनी आधी पैसे पाठवलेच होते. एक शब्दही कोणी बोलले नाही. जिना चढणे त्यांना जमत नाही, असे नंतर कळले.

लाकूडकाम

भटकी ताई, आपण लिहिलेला माळाच या इमारतींच्या पडझडीच्या मुळाशी आहे, म्हणून त्याविषयी थोडे तांत्रिक लिहितो. मी बांधकाम क्षेत्रात काम करतो.

या घरांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या दगडाच्या किंवा दगडमातीच्या, आणि मजले लाकडी तुळयांवर तोललेले असतात. तुळईचे टोक भिंतीत घुसवलेले असते. गच्चीवरून किंवा मोरीतून झिरपलेले पाणी नेमके तिथे साठते, टोक कुजते, वाळवी लागते, आणि वरून काही दिसत नाही. साडेचार-पाच मीटर उंचीच्या खोलीत माळा घातला की राहणाऱ्यांची सोय होते, पण भिंतीवर मूळ हिशेबात नसलेला भार येतो. काही माळे पुढे लाकडाऐवजी काँक्रीटचे केले गेले, ते अधिकच जड. त्यात प्रत्येक बिऱ्हाडाची स्वतःची मोरी, स्वतःची टाकी. एक हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. दहा बिऱ्हाडांच्या दहा टाक्या गच्चीवर गेल्या की काय होते, हे सांगायला नको. शिवाय समुद्राची खारी हवा आणि दरवर्षीची वादळे. म्हणूनच हवानात इमारती बहुधा मोठ्या पावसानंतर, ऊन पडू लागल्यावर कोसळतात. भिजून फुगलेली भिंत वाळताना आकसते आणि सांधे सुटतात.

जानेवारी २०२० मध्ये हेसुस मारियात पाडकाम चालू असलेल्या इमारतीचा सज्जा कोसळून शाळेतल्या तीन मुली दगावल्या. त्या परिसराला कुंपणसुद्धा घातलेले नव्हते, ही तेव्हा तिथल्या लोकांची तक्रार होती. अशी बातमी वाचली की या इमारतींना सुंदर म्हणताना माझी जीभ अडखळते.

पिंपळपान

विसाव्या शतकात बाहेरून आलेल्या लोकांविषयी कोणी लिहील का? हवानात ज्यूंची पेठ होती असे ओझरते वाचले होते.

नकाशेवाचक

होती, आणि ती तटाच्या आतच होती. १९०२ मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर सर्वांत मोठा लोंढा स्पेनमधूनच आला. गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांतले तरुण वाणसामानाच्या दुकानांत गडी म्हणून लागत आणि रात्री दुकानातच झोपत. तुर्कस्तानातून आलेल्या ज्यूंनी १९१४ मध्ये इन्किसिदोर रस्त्यावर आपली संस्था स्थापन केली. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ मध्ये स्थलांतरावर बंधने घातली तेव्हा पूर्व युरोपातले ज्यू, अमेरिकेची वाट खुली होईपर्यंत थांबू म्हणून, हवानात उतरले आणि पुष्कळ जण कायमचे राहिले. ते कोणत्याही देशाचे असोत, स्थानिक लोक त्यांना पोलाको म्हणजे पोलंडवाले म्हणत. गळ्यात टायांचे आणि पाठीवर कापडाचे ओझे घेऊन फेरी करण्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि पुढे मुराया रस्त्यावरची कापडाची दुकाने बहुतांशी त्यांचीच झाली. आकोस्ता रस्त्यावर त्यांचे कसाई, बेकऱ्या आणि प्रार्थनास्थळ होते. २७ मे १९३९ रोजी जर्मनीतून पळालेल्या ९३७ प्रवाशांचे सेंट लुईस जहाज याच बंदरात आले. तीसहून कमी लोकांना उतरू दिले गेले, बाकीचे परत पाठवले गेले. त्यांचे नातेवाईक लहान होड्यांतून जहाजाभोवती फिरत राहिले होते. १९५९ च्या क्रांतीनंतर दुकाने सरकारजमा झाली आणि बहुसंख्य ज्यू देश सोडून गेले.

चिनी वस्ती मात्र तटाच्या आत नव्हती. १८४७ पासून कराराने आणलेले चिनी मजूर मोकळे झाल्यावर तटाबाहेर सान्हा रस्त्यावर वसले. दर्यावर्दींनी सांगितलेल्या पाण्याच्या पाटावरूनच त्या रस्त्याचे नाव पडले आहे.

नवागतांविषयी आणखी एक मुद्दा. पीतज्वर हा रोग हवानात नव्याने आलेल्यांनाच जास्त मारत असे, कारण तिथेच वाढलेल्यांना लहानपणीच तो होऊन गेलेला असे. डासांमुळे तो पसरतो, हा सिद्धांत कार्लोस फिनलाय यांनी १८८१ च्या ऑगस्टमध्ये जुन्या हवानातल्या कुबा रस्त्यावरील विज्ञान अकादमीत मांडला. वीस वर्षे त्याकडे दुर्लक्ष झाले. १९०१ मध्ये डासांची पैदास थांबवण्याची मोहीम झाली आणि शहरातून पीतज्वर हटला.

दर्यावर्दी

सर्वांचे आभार. भटकी ताईंनी दाखवलेली खोली आणि लाकूडकाम यांनी सांगितलेली तुळई यांच्यामध्ये जे घडले, ते लिहून माझ्या बाजूने विषय पूर्ण करतो.

क्रांतीपूर्वीचा हुकूमशहा बातिस्ताच्या काळात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, वास्तुविशारद होसेप लुईस सेर्त यांच्या चमूने हवानाचा नवा आराखडा केला होता. त्यात जुन्या हवानाचे रस्ते रुंद करून बहुसंख्य घरे पाडण्याची आणि तिथे मोटारींना सोयीचे व्यापारी केंद्र करण्याची कल्पना होती. प्लासा विएखा, म्हणजे जुना चौक, १९५२ मध्येच खोदून त्याखाली मोटारतळ केला गेला होता. ज्या सान्तो दोमिंगो मठात १७२८ मध्ये हवाना विद्यापीठ स्थापन झाले तो मठही त्याच दशकात पाडला गेला. क्रांती झाली आणि तो आराखडा बारगळला. १४ ऑक्टोबर १९६० च्या नागरी सुधारणा कायद्याने घरे भाड्याने देणारी घरमालकी संपवली. भाडेकरू हप्ते भरून घराचे मालक झाले, आणि सिउदादेलांतल्या कुटुंबांना पुढे भाड्यावाचून राहण्याचा हक्क मिळाला. कोणालाही बाहेर काढता येणार नाही, ही या कायद्याची मोठी देणगी होती. मात्र गच्चीची डागडुजी कोणी करायची, याचे उत्तर त्यात नव्हते. सरकारने आपला पैसा आणि सिमेंट खेड्यांकडे व प्रांतांकडे वळवले. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, नवी घरे मिळेनात, म्हणून माळे घातले गेले. घर विकायला बंदी होती, फक्त अदलाबदल करता येत असे, आणि त्यासाठी लोक प्रादो रस्त्यावर हाताने लिहिलेले फलक घेऊन उभे राहत. विक्रीची परवानगी २०११ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाली.

१९८२ मध्ये युनेस्कोने जुनी हवाना आणि तिचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पण खरे वळण १९९३ चे आहे. सोव्हिएत मदत बंद पडल्यावर देशाची तिजोरी रिकामी होती, तेव्हा शहर इतिहासकाराच्या कार्यालयाला स्वतःची हॉटेले आणि उपाहारगृहे चालवून त्यातून मिळणारा पैसा पेठेवरच खर्च करण्याचा अधिकार दिला गेला. हे कार्यालय एमिलियो रोइग यांनी १९३८ मध्ये स्थापन केले होते आणि १९६७ पासून एउसेबियो लेआल त्याचे प्रमुख होते. लेआल यांचे मोठेपण मला यात दिसते की त्यांनी चौक दुरुस्त करताना त्याशेजारी शाळा, प्रसूतिगृह आणि वृद्धांचे केंद्रही उभे केले. बेलेनच्या मठात रोज म्हाताऱ्यांची आरोग्य तपासणी आणि व्यायाम चाले, तर संग्रहालयांच्या दालनांत प्राथमिक शाळेचे वर्ग भरत. मुलांनी बाहेर जाऊन शिकण्यापेक्षा त्या वस्तूंमध्ये बसूनच शिकावे, अशी ती योजना होती.

तरीही दुरुस्त झालेल्या वाड्यात आधीची सगळी बिऱ्हाडे परत मावत नाहीत. वीस कुटुंबांच्या सोलारमध्ये, प्रत्येकाला स्वतःचे स्वयंपाकघर आणि मोरी द्यायची तर आठ-दहा घरे होतात. उरलेल्यांना खाडीपलीकडच्या आलामार या उपनगरातल्या सदनिकांत पाठवले गेले. घर चांगले मिळाले, पण काम, नातेवाईक आणि गिऱ्हाईक जुन्या पेठेत राहिले. पुष्कळ जण रोज बसने परत येत. लोकसंख्या कमी होणे हे पेठेच्या प्रकृतीला आवश्यक होते हे मला पटते. कोणी जायचे हे मात्र राहणाऱ्यांनी ठरवले नाही, हेही तितकेच खरे आहे. २०१६ मध्ये कार्यालयाची हॉटेले लष्कराच्या उद्योगसमूहाकडे गेली आणि पेठेचा पैसा पेठेतच राहण्याची व्यवस्था मोडली. लेआल ३१ जुलै २०२० रोजी वारले. ६ मे २०२२ रोजी पेठेच्या कडेवरच्या साराटोगा हॉटेलात वायुगळतीने स्फोट होऊन ४७ माणसे मेली. शेजारच्या राहत्या इमारतीही मोडल्या आणि त्या घरांतल्या कुटुंबांना आसरा शोधावा लागला.

भटकी

एक छोटी विचारणा. मी ज्या रस्त्यावर राहिले त्याचे नाव पाटीवर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरेच होते. क्युबाचे राष्ट्रीय नायक होसे मार्ती यांचे जन्मघरही तिथून जवळ होते.

नकाशेवाचक

तो पाउला रस्ता असावा. मार्ती यांचा जन्म २८ जानेवारी १८५३ रोजी त्याच रस्त्यावरच्या एका लहान दुमजली घरात झाला. वडील व्हॅलेन्सियाचे सैनिक, आई कॅनरी बेटांतली, आणि घर भाड्याचे. पुढे रस्त्याला त्यांच्या आईचे, लेओनोर पेरेस यांचे नाव देण्यात आले. पाटीवर ते नाव आहे, पण शेजारीपाजारी पाउलाच म्हणतात. त्याचप्रमाणे तेनिएन्ते रेय रस्त्याचे अधिकृत नाव ब्राझील आहे आणि एखिदोचे बेल्जियम अव्हेन्यू. पत्ता शोधताना किंवा जुनी गणना वाचताना दोन्ही नावे जवळ ठेवावीत. तटाचा शिल्लक राहिलेला एक तुकडा पाहायचा असेल तर एखिदोने रेल्वे स्थानकाकडे जावे. पाउला रस्ता जिथे एखिदोला मिळतो, तिथून तो दिसतो, आणि मार्ती यांचे घर त्याच्या समोरच आहे.